माहीतगाराचा जबाब

गेल्या नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनवाल्याने वर्षातून एकदा सरकारला सांगायचं असतं, आणि तेही स्वतः जाऊन. सूनबाई बरोबर होती. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, कुठल्या खात्यातून रिटायर झालात?" नेमके त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर एक गृहस्थ पासबुकावरून भांडत होते, मागे कुणाचा तरी मोबाईल वाजत होता आणि डोक्यावर पंखा खडखडत होता. मला ऐकू व्यवस्थित येतं. सगळंच ऐकू येतं, तेच तर दुखणं आहे. पंखा, पासबुक, मोबाईल आणि ती मुलगी असे चौघेही एकदम आत शिरले, आणि मला जो एक शब्द हवा होता तो काही केल्या सापडेना. चौतीस वर्षं ज्या खात्यात हाडं झिजवली त्या खात्याचं नाव! मी हातांनी साखळी ओढल्यासारखं करून दाखवलं. मुलगी माझ्याकडे न बघता सूनबाईला म्हणाली, "ह्यांना फारसं कळत नाही का हो? पुढच्या वेळी तुम्हीच बोला."

"मोजणी!" मी ओरडलो. पण तोवर आम्ही बँकेच्या पायऱ्या उतरलो होतो. वॉचमन दचकून उभा राहिला.

घरी आल्यावर मी जेवणार नाही म्हणून सांगितलं. आमची ही म्हणाली, "पोरीने काय मोठंसं वाईट म्हटलं? गुमान जेवा." जेवलो. खरं म्हणजे त्या पोरीवर रागवायचा मला अधिकारच नव्हता. ती जे तोंडाने म्हणाली तेच मी पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाबद्दल शाईने लिहिलं होतं, आणि वर त्याच कागदावर त्याचा अंगठा घेतला होता.

एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं आहे की, मोजणीतल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. लग्नामुंजीत सांगून सांगून मी त्या गुळगुळीत केल्या आहेत. ही मात्र कुणाला सांगितलेली नाही. आणि हिच्यात गंमतही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा धंदा काय होता ते आधी सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना साखळी म्हटलं की गळ्यातलीच आठवते. आमची साखळी लोखंडी, तेहतीस फूट लांब. एक साखळीवाला पुढे, एक मागे, आणि मी वही घेऊन बाजूने. साखळीला झोल पडला की बांध सरकतो आणि बांध सरकला की डोकी फुटतात, म्हणून आम्ही दिवसभर "ताण! ताण!" असं ओरडत फिरायचो. उन्हाने माझी मान अशी काळी झाली होती की लग्नात सासरेबुवांनी मुलगा दाखवला तोच का म्हणून चौकशी केली.

भोर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी सत्तावीस वर्षांचा होतो. खालच्या गावांतल्या जमिनींची मोजमापं बरी होती, पण भोर-वेल्ह्याच्या डोंगरावरच्या जमिनींचे जुने कागद म्हणजे आनंद होता. 'अमक्या धोंड्यापासून तमक्या खडकापर्यंत, मधल्या खुणा वहिवाटीप्रमाणे' एवढं लिहून जुनी मंडळी मोकळी झालेली. आता ती वहिवाट कुणाला ठाऊक? एखाद्या म्हाताऱ्यालाच. त्याला आम्ही माहीतगार म्हणायचो.

रीत अशी होती की माहीतगाराने हद्दीवरून पुढे चालायचं. खुणेपाशी आला की तिच्यावर पाय ठेवायचा, तिचं नाव घ्यायचं, आणि इकडलं कुणाचं, तिकडलं कुणाचं ते सांगायचं. मग तिथे लाल झेंडी रोवायची आणि साखळी टाकायची. मला ज्यांनी काम शिकवलं ते अण्णा नेहमी म्हणायचे, "माहीतगार पुढे, साखळी मागे. कितीही घाई असो." अण्णांचं सगळंच सावकाश. मला वाटायचं, म्हाताऱ्याला म्हातारे आवडतात, दुसरं काय!

कारण हे माहीतगार वेळ फार खायचे. दोन खुणा झाल्या की बसायचे, तंबाखू मळायचे, कुणाची म्हैस कुठे घसरली ते सांगायचे. मला मोठं शहाणपण सुचलं. माहीतगाराला आधी चावडीवर बसवायचं, खुणांची नावं ओळीने विचारून जबाब लिहून टाकायचा, अंगठा घ्यायचा, आणि मग साखळी घेऊन निघायचं. तीन दिवसांचं काम दीड दिवसात! साहेबांनी पाठ थोपटली. शिवऱ्याला तर दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, एकाला काही सांगायचं तर तो दुसऱ्याच्या बैलाला उद्देशून बोलायचा. तिथलं प्रकरण मी चावडीवरच एका सकाळीत मिटवलं आणि दोन्ही घरी पिठलं-भाकरी जेवून आलो. तिथला माहीतगार पंचेचाळिशीचा, खणखणीत होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या अंगाला एका गावाच्या वर धनगरांची पाच घरं होती. गाव म्हणून नाव देत नाही, तिथे अजून माणसं राहतात. त्या घरांच्या खालच्या अंगाला कातळातून एक झरा यायचा. मार्चनंतर आसपासचं सगळं आटलं की पाच घरांची माणसं आणि गुरं त्या एका पाणवठ्यावर जगायची. पाणवठ्याच्या खाली गावातले एक बडे शेतकरी होते, गणपततात्या, त्यांची जमीन. तात्यांचं म्हणणं, झरा आमच्या सर्व्हे नंबरात येतो. धनगर म्हणत, आमच्यात. कागद म्हणत होता, 'बसक्या धोंड्यापासून पांढऱ्या खडकापर्यंत, मधल्या खुणा वहिवाटीप्रमाणे'. दोन टोकं सगळ्यांना माहीत होती. मधल्या सात खुणा कुणी दाखवल्या तर हद्द पोट काढून झऱ्याच्या खालून जात होती. नाही दाखवल्या तर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ, आणि सरळ रेघेत झरा तात्यांकडे जात होता. आणि खुणा सांगणारा अख्ख्या डोंगरात एकच माणूस उरला होता. धाकूबाबा ढेबे. वय ऐंशीच्या घरात.

चावडीवर सकाळी मंडळी जमली. तात्या आणि त्यांचे चार-सहा भाऊबंद, तलाठी, पाटील, कोतवाल, आणि अशीच बघायला आलेली दहा-बारा डोकी. धाकूबाबांना त्यांच्या सुनेने आणलं होतं, कोंडाबाईने. उंच, हाडापेराने दणकट बाई. म्हातारा काठी टेकत पण सरळ आला. डोंगर उतरून आला होता, तरी धाप लागलेली नव्हती. मी त्यांना मध्ये पोत्यावर बसवलं.

कोंडाबाई दाराशी उभी होती. पदर सावरून म्हणाली, "सायेब, मामंजीस्नी बसवून इचारू नगा. त्येस्नी चालवा. चालताना समदं सांगत्यात."

आता मी तुम्हांला खरं कारण सांगतो. नवे बूट घेतले होते आणि टाच सोलवटून निघाली होती. म्हाताऱ्याच्या मागे दोनदा डोंगर चढायची माझी तयारी नव्हती. शिवाय दहा लोकांसमोर एक बाई मला माझं काम शिकवत होती. मी म्हणालो, "बाई, कायद्याची रीत असते. तुम्ही गप उभ्या राहा." कायद्याची कसली रीत? माझीच होती ती.

"सांगा बाबा," मी लेखणी सरसावली. "एक नंबर?"

"बसका धोंडा," धाकूबाबा म्हणाले. आवाज चांगला मोकळा होता.

"दोन?"

"दोन... ही आपली जुळी धोंड. येकाला येक चिकाटल्याली. आन् तिथनं पुढं..." इतक्यात तात्यांचे चुलते तलाठ्याला काहीतरी म्हणाले, कोतवालाने चहाचे कप आणून आदळले, आणि म्हाताऱ्याची मान तिकडे वळली. परत वळली तेव्हा डोळ्यांत नुसता शोध होता. "तिथनं पुढं... आरं, त्येला काय म्हणत्यात... त्येच की..." हाताने वाकडं काहीतरी काढून दाखवलं.

"बैलाचं शिंग?" तात्यांचा एक पुतण्या म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

"न्हाई ओ. थांबा जरा. येतंय."

"थांबलोय की आम्ही," मी म्हणालो आणि खिशातून घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. हे मी मुद्दाम केलं. घड्याळ बघितलं की लोक आटपतं घेतात असा माझा अनुभव होता.

म्हाताऱ्याने वाट बदलली. "त्याचं आसं बगा सायेब, आमची चांदी म्हस व्हती. कपाळाला ही पांडरं. ती त्या साली पावसात तिथंच व्याली. म्या घोंगडी धरली व्हती तिच्यावर. तर त्या जाग्याच्या अलीकडं..."

"बाबा, म्हशीचं नको. धोंड्यांचं बोला."

"धोंड्याचंच सांगतुया."

"नाव सांगा. तीन नंबर काय?"

आज मला कळतं की तो म्हशीवरून खुणेकडेच निघाला होता. सरळ वाटेवर कुणीतरी दार लावून घेतलं तर माणूस परड्यातून घरात शिरतो, तसं. मी रोज असाच शिरतो. शेजाऱ्याचं नाव येत नाही, मग त्याचा कुत्रा आठवायचा, कुत्र्यावरून त्याची बायको, बायकोवरून तो. मध्ये कुणी "कोण, कोण?" केलं की कुत्राही जातो. पण तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. मी एकामागून एक विचारत सुटलो. चार? पाच? मागून तात्या म्हणत होते, "अहो, त्याला जेवला का ते तरी आठवतंय का इचारा." पाटील दुसरंच काही विचारत होते. धाकूबाबा ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे बघायचे, आणि हातात आलेलं पुन्हा सुटायचं. शेवटी ते गप्प झाले आणि काठीच्या मुठीकडे बघत बसले. नऊपैकी तीनच नावं निघाली, त्यातलं तिसरं म्हणजे शेवटचा पांढरा खडक, जो सगळ्यांनाच ठाऊक होता.

"सायेब, चालवा वो त्येस्नी," दारातून पुन्हा आवाज आला. ह्या वेळी ती हात जोडून उभी होती.

मी लिहिलं, 'माहीतगार वार्धक्यामुळे भ्रमिष्ट असून मधल्या खुणांविषयी विधान करण्यास असमर्थ आहे.' अक्षर माझं सुरेख होतं. मग धाकूबाबांचा अंगठा शाईत बुडवला आणि त्या वाक्याच्या खाली टेकवला. वाचून दाखवायचा नियम होता. वाचून दाखवलं नाही. कसं दाखवणार?

म्हाताऱ्याने अंगठा धोतराला पुसला आणि मला विचारलं, "बराबर लिवलं न्हवं सायेब?"

"हो," मी म्हणालो.

इथपर्यंत जे झालं त्याला तारुण्याची मस्ती म्हणून कुणी माफही करेल. पुढचं ऐका.

दुपारी आम्ही वर गेलो. बसक्या धोंड्यावर एक झेंडी, समोर पांढऱ्या खडकावर दुसरी, आणि साखळी सरळ निघाली. माझा जुना साखळीवाला महादू पुढे होता. तात्यांची माणसं बरोबर. मंडळी खूश, त्यामुळे बडबड फार. धाकूबाबा आणि कोंडाबाई मागे येत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मागे कुणी नाही. वळून बघितलं तर म्हातारा आमची रेघ सोडून उताराला लागला होता, एकटाच, काठी काखेत मारून. सून चार पावलं मागे.

तो जुळ्या धोंडेवर पाय ठेवून उभा राहिला आणि मोठ्याने तिचं नाव घेतलं. पुढे गेला. "वाकडा उंबर!" हातवाऱ्यांनी काढून दाखवत होता तो हाच. उंबराचा नुसता बुंधा उरला होता. त्यावर पाय. "चांदी व्याल्याली जागा!" पाय. "घसणीचा धोंडा! म्हसरं पाठ घासत्यात!" डोंगरात वारा नव्हता, शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येत होता. मध्ये अडखळणं नाही, शोधणं नाही. "मधाची कपार!" तिथून तो झऱ्याच्या खालच्या अंगाने वळला. "सासूची बसकण!" आणि स्वतःशीच हसला, त्या नावामागे काही गोष्ट असणार. "करवंदाची जाळी!" मग चढ चढून पांढऱ्या खडकावर आला, पाय ठेवला, आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. बसका धोंडा धरून नऊ. मी सवयीने मोजल्या होत्या.

महादूने साखळी जमिनीवर ठेवली. त्याने माझ्याकडे बघितलं. चावडीवरचा कागद माझ्या पिशवीतच होता. एक पान. फाडायचं, नवं लिहायचं, झेंड्या हलवायच्या. फार तर अजून एक दिवस गेला असता. पण मग तात्यांसमोर कबूल करावं लागलं असतं की मी भ्रमिष्ट ठरवलेला माणूस माझ्याहून शहाणा आहे, आणि ती बाई सकाळपासून बरोबर सांगत होती. तात्या म्हणाले, "काय पुटपुटतंय म्हातारं?"

"काही नाही," मी म्हणालो. "जबाब झालाय आता. महादू, ताण."

महादूने साखळी उचलली. माझ्या हाताखाली तो अजून सहा वर्षं होता, पण त्या दिवसानंतर त्याने मला कधी डब्यातलं लोणचं दिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तात्यांनी झऱ्याभोवती काटेरी कुंपण घातलं असं कानावर आलं. पाच घरांच्या बायका खाली ओढ्यापर्यंत उतरून डोक्यावरून पाणी वाहू लागल्या. दोन घरं पहिल्याच वर्षी उठली. आमच्या सगळ्या तुकडीची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाच-सहा वर्षांनी कापूरहोळच्या फाट्यावर मी भोरच्या एस.टी.ची वाट बघत चहा पीत होतो. एक बाई तुपाचा डबा उतरवून सावलीला बसली. मी तोंड फिरवलं, पण तिने ओळखलं.

"सायेब न्हवं तुमी? मोजणीचं?"

"हो. बरं आहे ना?"

"बरं हाय. आमी आता हिकडंच खाली आलो. समदीच घरं उठली." डबा पुसत ती म्हणाली, "मामंजी गेलं औंदा."

मी काहीतरी म्हणालो, वय झालं होतं वगैरे.

"वयाचं न्हाई वो. त्या दिसापास्नं त्येनी चारचौगांत तोंडच उगाडलं न्हाई. घरात बोलायचं, नातवाशी बोलायचं. पर दारात मानूस आला की गप. म्हणायचं, कोंडे, माज्या तोंडानं पाणी घालवलं. मला येळंला बोलता आलं न्हाई, म्हणून पोरंबाळं डोंगरावरनं उतरली." तिने पदराने तोंड पुसलं. मग एकदम सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "सायेब, त्या कागदावर काय लिवलं व्हतं वो? अंगठा घेतला त्यावर?"

म्हातारा शेवटपर्यंत स्वतःला दोष देत गेला होता. एक वाक्य मी बोललो असतो, की बाबांनी सगळं बरोबर सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही, तर निदान तिच्या मनात तरी तो सुटला असता. मी तेहतीस वर्षांचा होतो, बुद्धी शाबूत होती, शब्द जिभेवर होते.

"आता आठवत नाही बाई," मी म्हणालो.

ती हसली नाही, रागावली नाही. "व्हय," म्हणाली, "लई वरसं झाली," आणि डबा उचलून चालू लागली. माझी गाडी आली. मी खिडकीपाशी जागा पकडली.

हे सगळं मी तीन दिवस बसून लिहिलं. बोलताना जे शब्द पळतात ते लिहिताना येतात, कारण कागद घाई करत नाही. पण काल नऊ खुणांपाशी अडलो. खुर्चीत बसून आठवल्या तेव्हा सातच आल्या. वाकडा उंबर आणि सासूची बसकण, दोन्ही गडप. तासभर बसलो. मग उठलो आणि ओसरीत फेऱ्या घालायला लागलो, फरशीच्या एकेका तुकड्यावर पाय ठेवत. तिसऱ्या पावलाला उंबर आला. सातव्याला बसकण.

हिने आतून विचारलं, "काय पुटपुटताय?" मग मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं, चालता चालताच. मध्ये दोनदा शब्द अडला. तिने नेहमीसारखा पुरवला नाही, थांबली. सांगून झाल्यावर म्हणाली, "मग आता तरी नीट लिहा."

लिहितो. कोंडाबाई असल्या तर माझ्याहून वयाने मोठ्या असतील. त्यांचा नातूपणतू कुणी हे वाचत असेल तर त्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. तेव्हा मी ते केलं नव्हतं.

जबाब. माहीतगार धाकू ढेबे, वय सुमारे ऐंशी, यांनी हद्द स्वतः पुढे चालून दाखवली. खुणा येणेप्रमाणे: बसका धोंडा, जुळी धोंड, वाकडा उंबर, चांदी व्यालेली जागा, घसणीचा धोंडा, मधाची कपार, सासूची बसकण, करवंदाची जाळी, पांढरा खडक. एकूण नऊ. पाणवठा हद्दीच्या वर, धनगरांच्या बाजूस. माहीतगाराने सर्व नावे क्रमाने, स्पष्ट व न अडखळता सांगितली. मोजणीदाराने ती समक्ष ऐकली.